तिसरी हाक

माझ्या वडिलांचं नाव गजानन. आता हे वाक्य मी एका दमात लिहून मोकळी झाले, पण रत्नागिरीला मांडवीच्या आमच्या घरात ते कुणी मोठ्याने म्हणत नसे. आई तर नाहीच नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा तेव्हाच्या सगळ्याच बायकांचा नेम होता, त्यात नवल काही नाही, पण आमच्या आईने तो फारच ताणला होता. गणपतीत आरती म्हणताना ते नाव आलं की तिचा आवाज तेवढ्यापुरता बंद. टाळ्या चालू, तोंड मिटलेलं, आणि नाव पुढे सरकलं की पुन्हा सूर लागायचा. त्यातून आमच्या आळीत दगड भिरकावला तर एखाद्या गजाननालाच लागावा इतके गजानन. पिठाच्या गिरणीवाले तर अगदी भिंतीला भिंत लागून. सगळी आळी त्यांना गजाभाऊ म्हणे, आई मात्र 'ह्यांच्या नावाचे भावजी' म्हणे. दळण टाकायला मला धाडताना, "शैले, ह्यांच्या नावाच्या भावजींकडे जा, आणि भाकरीचं आहे, फार बारीक नको म्हणावं," एवढं लांबलचक सांगायची. मला हसू यायचं आणि हसलं की पाठीत धपाटा मिळायचा.

वडील बोटीवर होते, इंजिनात. वर्षातून दोनेक महिने घरी असत आणि ते दोन महिने घराला वंगणाचा आणि परदेशी साबणाचा वास येई. बाकीचं वर्ष आम्ही दोघीच. मी चौथीत असताना मुंबईहून कंपनीचा माणूस आला. पडवीत बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला की रात्री पाळीवर होते, सकाळी बोटीवर नव्हते. शोधलं, सापडले नाहीत. एवढंच. आई म्हणाली, "म्हणजे हरवले." तो माणूस म्हणाला, "तसंच म्हणायचं, वहिनी." तो शब्द आईने घट्ट धरला. हरवले म्हणाले, गेले म्हणाले नाहीत. म्हणून तेरावं नाही, चौदावं नाही, कुंकू पुसलं नाही, दोरीवरचा त्यांचा पंचाही काढला नाही. आणि नाव, जे आधी मानापोटी तोंडात येत नव्हतं, ते आता भीतीपोटी येईना. आळीसुद्धा आमच्या दारासमोरून ते नाव दबक्या आवाजात नेऊ लागली. दळणाची गिऱ्हाइकंही आमच्या अंगणाजवळ आली की गजाभाऊंना 'अहो गिरणीवाले' म्हणत.

दिवेलागणीचे आईचे कायदे कडक होते. केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, केस मोकळे सोडायचे नाहीत, आणि बाहेरून कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या दोन हाका कुणीही मारतं, ती म्हणायची, समुद्राकाठी राहायचं तर एवढं पाळायचं. तिसरी हाक फक्त माणूस मारतो. आणि तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर तो उद्धटपणा, त्यालाही धपाटा. घरामागे माड, माडांमागे वाळू, वाळूपुढे पाणी. संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला की समुद्राचा आवाज एकदम घरात शिरायचा. त्या वेळी आई चुलीवर कुळथाचं पिठलं ढवळत असे, आणि मला आठवतंय, ढवळता ढवळता तिचा हात थांबे. ती ऐकत असे. मीही ऐकत असे. कुणी हाक मारत नसे. मग ती पुन्हा ढवळायला लागे आणि आम्ही जेवून घेत असू.

या घरात माझी कुसुमआत्या आली, ती वादळासारखी. वडिलांची धाकटी बहीण. नर्स होऊन विलायतेला गेली होती आणि तिथे अगदी वर, स्कॉटलंडच्या टोकाला, मुलींच्या एका निवासी शाळेत मेट्रन होती. लग्न केलं नव्हतं. आल्या आल्या तिने पंचाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "गजाचा ना गो हा? अजून ठेवलायस, वैनी?" आईच्या हातातला तांब्या निसटला. बहिणीला नाव घेता येतं, त्यात चूक काहीच नव्हतं. पण किती वर्षांनी ते दोन अक्षरांचं नाव आमच्या छपराखाली वाजलं होतं. मी दाराआड उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, आनंदाचा.

त्या मे महिन्यात आत्या मला घेऊन गेली. सुट्टीपुरती, असं आईला सांगितलं. मी पंधरा वर्षांची. आईने आंबापोळी, फणसाची साठं, पोह्याचे पापड आणि सुकट बांधून दिली. सुकट आत्याने मुंबईला काढून टाकली, त्याबद्दल मी तिला आजही माफ केलेलं नाही. निघताना आईने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की पोर पाण्यापलीकडे जातेय, तिथला जो कोण राखणदार असेल त्याने सांभाळून परत आणून द्यावी. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिवेलागणीचं लक्षात ठेव हो." मी मान डोलावली. तिथे दिवेलागणच नसते, हे आम्हां दोघींपैकी कुणाला माहीत होतं?

ती शाळा समुद्रावर होती, पण तो आमचा समुद्र नव्हे. काळे खडक, त्यांवर वाऱ्याने आडवं झालेलं गवत, आणि पाणी इतकं गप्प की त्याच्याकडे पाठ करून उभं राहवत नसे. दगडी इमारत, चाळीसेक मुली आणि सगळ्या बायका. पुरुष म्हणून औषधाला नाही. मी विद्यार्थिनी नव्हते, पाहुणीही नव्हते. मेट्रनची भाची. गणवेशांच्या रांगेत माझा एकटीचा फुलाफुलांचा परकर-पोलका, म्हणजे तांदळात खडा. सकाळी ओटची पेज, मीठ घातलेली, ती मला आवडली. आमच्या पेजेची सावत्र बहीण म्हणा. बाकी सगळं उकडलेलं. मी आंबापोळी वाटली तर मुलींना वाटलं चामडं आहे. एकीने वास घेऊन नीट घडी करून परत दिली.

पण मला घाबरवलं ते उजेडाने. रात्रीचं जेवण उरकलं तरी ऊन. नऊ वाजले तरी ऊन. मग ऊन जाई आणि एक राखाडी उजेड मागे राही, तो काही केल्या जात नसे. आमच्याकडे तिन्हीसांज म्हणजे वात लावून हात जोडेपर्यंतची वेळ. तिथे ती तासन् तास पसरलेली. सावल्या लांब होत होत थांबून राहत, पाखरं बोलतच राहत. माझ्या मनात येई, आई गो, तू सांगितलेलं सगळं मी एवढा वेळ कसं पाळू? केर किती वेळ नाही काढायचा?

आत्याच्या खोलीत दुसरी खाट मावत नव्हती, म्हणून मला मुलींच्या शयनगृहात खिडकीजवळची एक रिकामी खाट दिली. चादर स्वच्छ, उशी फुगवलेली, शेजारचं छोटं कपाट रिकामं. बाकीच्या खाटा जवळ जवळ होत्या, ही जरा सुटी. मी तिच्यावर बसले तेव्हा सगळ्या मुली बोलायच्या थांबल्या. मग एकदम सगळ्या पुन्हा बोलायला लागल्या. मला वाटलं, परक्यांकडे बघायची पद्धत असेल त्यांची. शेजारच्या खाटेवर जाड चष्म्याची जीन म्हणून मुलगी होती. ती माझ्याकडे बघून हसली आणि उठून तिने खिडकीचा पडदा माझ्या बाजूने नीट केला.

त्याच संध्याकाळी हजेरी झाली. जेवणघरात सगळ्या मुली उभ्या, आणि समोर मिस टेट, तिथल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. सत्तरीच्या, उंच, तपकिरी लोकरी अंगरखा आणि पुरुषी बूट. त्या नावं घेत, मुली 'प्रेझेंट, मिस' म्हणत. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळे, म्हणून इथे सगळं माझ्या मराठीतच लिहिते आहे. यादी संपली. कुणी हललं नाही. मिस टेटनी मागे वळून समुद्राकडची मोठी खिडकी उघडली. गार वारा आत आला. त्यांनी हाक मारली, "मोराग!" सगळ्या मुली खाली जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, कुणी उशिरा येतेय. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत माझी मैत्रीण शमीम घरचं पाणी भरून यायची, तिला रोज उशीर. तिच्या नावाला मीच 'हजर' म्हणायचे, आणि बाई कळूनही न कळल्यासारखं करायच्या. मैत्रिणीचं वाचवायचं असतं, एवढी साधी गोष्ट. "मोराग!" दुसरी हाक. या चाळीस घोड्यांना एका पोरीसाठी तोंड उघडता येऊ नये? "मोराग!"

तिसरी हाक झाली. आणि तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर धपाटा, हे माझ्या हाडात मुरलेलं.

"प्रेझेंट, मिस!" मी खणखणीत म्हणाले.

मिस टेट वळल्या. त्यांचा तो चेहरा मला विसरता येत नाही. राग नव्हता हो. एखाद्या बंद घरात अचानक सगळे दिवे लागावेत तसा तो उजळला, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि एकेक करून ते दिवे गेले. त्यांनी खिडकी अगदी हळू लावली, जसं कुणी आत आलंय आणि आता लावायला हरकत नाही. कुणी हसलं नाही, कुणी मला रागावलं नाही. आम्ही झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवसापासून सगळं मऊ झालं. काल आंबापोळी परत करणाऱ्या मुली माझ्यासाठी जागा धरायला लागल्या. माझ्या उशीवर वस्तू दिसू लागल्या. एक लोकरीचा गळपट्टा. एक शिंपला. एक कंगवा, आणि त्याच्या दातांत अडकलेला एक लांब तांबूस केस. संध्याकाळी हजेरी झाली, यादी संपली, आणि खिडकी उघडलीच नाही. मिस टेटनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि गेल्या. रात्र म्हणावी तर बाहेर तो राखाडी उजेड. जीन आपल्या खाटेवरून वाकून हळूच म्हणाली, "पाणी फार गार होतं का?"

मी त्यांना सांगितलं होतं की मी समुद्राकाठची. मला वाटलं, आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या पाण्याबद्दल विचारतेय. मी म्हणाले, "छे गं. कोमट असतं. पायाखाली मऊ वाळू. पहिल्यांदा जरा भीती वाटते, मग काही वाटत नाही."

जीनने चष्मा काढला आणि डोळे पुसले. "थँक यू," ती म्हणाली. मग ती पलीकडच्या खाटेकडे वळून कुजबुजली, ती मुलगी तिच्यापलीकडे, आणि तो निरोप खाटेखाटेवरून शयनगृहाच्या टोकापर्यंत गेलेला मी ऐकला. पाणी कोमट होतं. पाणी कोमट होतं. मला काही समजेना.

सकाळी मी आत्याला गाठलं. ती चादरी मोजत होती. "मोराग कोण गो?" म्हटल्यावर तिचा हात थांबला. मग तिने दार लावून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, अशाच न संपणाऱ्या संध्याकाळी, ती पोर खडकांकडे गेली आणि परत आली नाही. कपडा नाही, बूट नाही, काही नाही. त्या दिवसापासून मिस टेट रोज खिडकी उघडून तिला हाक मारत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं.

"आणि ती खाट?"

"तिचीच." आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "शैले, मी हेडबाईंशी बोललेय. सप्टेंबरपासून ती तुझीच. शिक इथे. माझं तरी कोण आहे? तिकडे काय ठेवलंय तुझं?"

"आई ठेवलीय," मी म्हणाले.

"वैनीला मी समजावीन."

मी रडायलाच लागले. शाळेसाठी नव्हे. खोटं कशाला बोलू, मला ती शाळा आवडायला लागली होती. आयुष्यात कुणी माझ्यासाठी जागा धरून ठेवली नव्हती आणि तिथे चाळीस जणी ठेवत होत्या. मी रडले ते माझ्या त्या ओसाठी. तिन्हीसांजेला, उघड्या खिडकीत, समुद्रावर मारलेल्या हाकेला मी ओ देऊन बसले होते, तीही दुसऱ्याच्या नावाला. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आत्या म्हणाली, "हाड! मी नर्स आहे, मला सांगू नकोस असलं काही." आणि मग हीच नर्स स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन आली, मला स्टुलावर बसवलं, माझ्यावरून ओवाळलं आणि मिरच्या शेगडीत टाकल्या. मिरच्या काळ्या झाल्या, फुटल्या, पार कोळसा झाल्या. खकाणा उठला नाही. आम्ही दोघी नाक पुढे करून बसलो होतो. ठसका नाही, शिंक नाही, साधा वाससुद्धा नाही. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांना वास येत नाही, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. "इकडच्या मिरच्या मेल्या पाणचट," आत्या म्हणाली, पण तिने खिडकी लावून घेतली.

माझा निर्णय झाला तो दोन-तीन दिवसांनी, एका साध्या गोष्टीने. मी जिन्याखाली बूट पुसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मोराग," आणि मी वळले. मागे कुणी नव्हतं. लांब बोळात दोन मुली होत्या, त्या आपापसांत काही बोलत असतील, देव जाणे. पण मी वळले होते. आणि मग आत्या माझ्यासमोर येऊन उभी, घामाघूम. "बहिरी झालीस काय गो? शैले, शैले म्हणून दोनदा ओरडले जिन्यावरून, आता तिसऱ्यांदा ओरडतेय." मी माझं नाव ऐकलंच नव्हतं.

तशीच उठले आणि मिस टेटच्या खोलीवर गेले. दार वाजवलं. त्या खिडकीशी बसून बटण शिवत होत्या. माझं इंग्रजी ते काय, सगळं एका वाक्यात ओतलं. "मिस, मी चुकून प्रेझेंट म्हणाले. मी ती नाही. मी शैला. तुम्ही तिला पुन्हा हाक मारा, नाही तर मी परत जाऊ शकणार नाही."

त्यांनी सुई खाली ठेवली. "मला माहीत आहे तू ती नाहीस," त्या म्हणाल्या. "पण तीन वर्षं मी कान देऊन उभी होते, आणि एक क्षणभर मला उत्तर आलं. ते मोडायला मन होईना. मुलींचंही होईना. चूक माझी आहे, बाळ." मग त्यांनी मला बसवलं आणि विचारलं की एवढं घाबरायला तुला कुणी शिकवलं. मी आईचं सांगितलं. हाकेचं सांगितलं. आणि बोलता बोलता वडिलांचं. पाळी, बोट, सकाळ. त्या ऐकत होत्या.

"मग त्यांना हाक कोण मारतं?"

"कुणी नाही."

"तुझी आई?"

"आईला त्यांचं नाव घेता येत नाही. बायकोने घ्यायचं नसतं."

मिस टेटनी खिडकीबाहेर पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग त्यांना कळायचं कसं, की घरी कुणी वाट बघतंय?" आणि थोड्या वेळाने, "नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. मोठ्याने. त्यांना ते जमेना. गॅजनान, गॅजनान, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, शाळकरी पोरीसारख्या ओठ हलवत.

त्या संध्याकाळी यादी संपल्यावर खिडकी उघडली. मुलींमधून एक बारीक आवाज निघाला, हुंदका म्हणा. "मोराग!" मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तीन हाका झाल्या. बाहेर तोच उजेड, तेच गप्प पाणी. मी ओ दिली नाही, आणि कुणीच दिली नाही, आणि जीन मोठ्याने रडायला लागली. मला वाटलं आता खिडकी लागेल. पण मिस टेट तशाच उभ्या राहिल्या, एक श्वास घेतला आणि हाक मारली, "गॅजनान!"

माझ्या वडिलांचं नाव. सात समुद्रांपलीकडे, बायकांनी भरलेल्या दालनात, त्या काळ्या पाण्यावर. दाराशी आत्या उभी होती, तिने चौकट धरली. "गॅजनान!" मी ऐकत होते. चौथीपासून ऐकतच होते, पण हाकच नव्हती, तर उत्तर नाही हे तरी कसं कळणार? "गॅजनान!" तिसरी. मी ऐकलं. वारा होता, एक पाखरू होतं. आणि काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की बाबा नाहीत. हरवलेले नाहीत, नाहीत. आत्या चौकटीपाशी खाली बसली होती आणि जमिनीवर हात आपटत होती. "मला नाव घेता येत होतं गो," ती म्हणत होती, "मला येत होतं आणि मी एकदाही हाक मारली नाही त्याला." मुलींनी तिला उठवलं. खिडकी लागली. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन माझं परतीचं बघायला घेतलं, आणि सप्टेंबराचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी मांडवीला आले तेव्हा पावसाळा भरात होता, घरात सगळीकडे ओल्या कपड्यांचा वास. आईने पहिल्यांदा माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग जवळ घेतलं. उघडीप पडलेल्या एका संध्याकाळी ती मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. खाट, कंगवा, मिरच्या, खिडकी. ती सोलत राहिली. शेवटपर्यंत आल्यावर मला वाटलं आता धपाटा बसणार. तिने विचारलं, "त्या गोऱ्या बाईला नाव तरी नीट घेता आलं?"

"गॅजनान म्हणाली."

"गॅजनान!" आई हसली. खरंच हसली, आठळ्या मांडीवरून घरंगळल्या. "अगो बाई, असं म्हटल्यावर ते कसले येतात! फुगून बसले असतील. नाव नीट घ्यायला नको?" आणि हसता हसताच ती उठली, पदर खोचला, आणि माडांपाशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. गिरणी नुकतीच थांबली होती. दिवा अजून लागायचा होता. मी म्हणाले, "आई, तिन्हीसांज आहे," पण ती ऐकत नव्हती.

पहिल्यांदा आवाज फुटला नाही. नुसतेच ओठ हलले. मग तिने घसा खाकरला आणि हाक मारली. "गजानन!" मी तिचा तो आवाज कधीच ऐकला नव्हता, तरण्या मुलीचा आवाज होता तो. लाट येऊन गेली. "गजानन!" आम्ही ऐकलं. समुद्र होता, पागोळ्या होत्या. "अहो, गजानन!"

"ओ!"

पुरुषाचा आवाज. जवळून, काळोख्या माडांतून. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता, बंद घरात सगळे दिवे लागावेत तसा. असा चेहरा मी त्याआधी एकदाच पाहिला होता.

माडांतून गजाभाऊ गिरणीवाले आले. डोक्यापासून पायांपर्यंत पिठाने पांढरे, हातात कंदील. "काय वैनी? काय झालं? तुम्ही मला नावाने..." आणि मग त्यांनी आईचं तोंड पाहिलं, ती कुठे बघत उभी होती ते पाहिलं, आणि त्यांना समजलं. त्यांनी कंदील खाली ठेवला. त्यांची मान खाली गेली. "चुकलं माझं, वैनी. तिसरी हाक आली म्हणून ओ दिली. मी द्यायला नको होती."

आईच्या तोंडावरचं सगळं हळूहळू विझत गेलं. मग तिने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "असू दे, गजाननभावजी. कुणीतरी दिली ना."

नंतर आईने वडिलांचं सगळं रीतीने केलं. कुंकू मात्र ठेवलं, अगदी मरेपर्यंत. त्यावर बोलणारे खूप होते, अजूनही एखादी म्हातारी मला विचारते. मी म्हणते, तिचं कपाळ, तिचं कुंकू, तुझ्या कपाळावर आठी कशाला? आता माझीच सत्तरी आली. नातवंडं फोनवरून मला सात समुद्रांपलीकडून नावाने हाक मारतात, आणि दिवेलागणीला फोन वाजला की तिसऱ्या घंटीपर्यंत मी तो उचलत नाही. ती हसतात. हसू देत.

मी परतले त्याच पावसाळ्यात पुढे गणपती आले. आळी आमच्या घरात जमली होती, गजाभाऊ झांजा घेऊन सगळ्यांत पुढे. मी आईशेजारी उभी होते. आरतीत ते नाव जवळ आलं तशी मला सवयीने तिच्या तोंडाकडे बघायची हुक्की आली. टाळ्या चालू होत्या. नाव आलं, आणि आई थांबली नाही.